स्वप्नात घर दिसलं तर त्याचा अर्थ कसा लावायचा

स्वप्नात पडकं घर दिसलं की सकाळी उठून लोक पहिलं काय करतात तर मोबाईलवर "स्वप्नफळ" सर्च करतात, आणि तिथे लिहिलेलं असतं धनहानी, मग दिवसभर डोक्याला ताप. ते आधी बंद करा. घराचा अर्थ यादीत नसतो, ते घर कुणाचं आहे त्यावर ठरतो.

जाग आली की लगेच कूस बदलून मोबाईल घेऊ नका, दोन मिनिटं तसंच पडून रहा आणि स्वप्न शेवटाकडून मागे मागे आठवा. मग कागदावर वेडावाकडा का होईना घराचा नकाशा काढा. हे खरंच करा, कारण शब्दात लिहिताना आपण नकळत स्टोरी नीट करून टाकतो, नकाशात मात्र गडबड दिसते, म्हणजे चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीला मागे अचानक गावाकडचं माजघर जोडलेलं असतं किंवा जिना असतो पण वर जातच नाही. ही जी जोडाजोड असते ना तिथेच बहुतेक वेळा मुद्दा असतो.

आता घर म्हणजे मन ही कल्पना बरीचशी स्विस मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंगमुळे पसरली. 1909 साली तो मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडबरोबर अमेरिकेला गेला होता, त्या प्रवासात दोघं एकमेकांची स्वप्नं तपासायचे. युंगला स्वप्नात दुमजली घर दिसलं, वरती छान जुनं फर्निचर आणि पेंटिंग्ज, खालचा मजला पंधराव्या-सोळाव्या शतकातला वाटणारा, त्याखाली रोमन काळातलं तळघर, तिथली कडी असलेली फरशी उचलली तर आणखी खाली गुहा, आत हाडं, फुटकी मडकी आणि दोन कवट्या. फ्रॉइड त्या कवट्यांवरच अडून बसला, कुणाच्या आहेत सांग, कारण त्याला त्यात कुणाच्या तरी मरणाची छुपी इच्छा दिसत होती. शेवटी युंगने बायको आणि मेहुणीचं नाव सांगून वेळ मारून नेली 😄 स्वतः त्याला मात्र ते मजले म्हणजे मनाचे थर वाटले, वर जागं मन आणि खाली उतरत जाल तसं जुनं, सगळ्या माणसांचं सामाईक. एकच स्वप्न, दोन एवढे हुशार लोक, आणि अर्थ पूर्ण वेगळे. म्हणून तुमच्या स्वप्नाचा अर्थ दुसऱ्या कुणी छातीठोकपणे सांगितला तर ऐकून घ्या आणि सोडून द्या.

नकाशा झाला की प्रत्येक खोलीपुढे दोनच गोष्टी लिहा, तिथे गेल्यावर कसं वाटलं आणि खऱ्या आयुष्यात तिथे काय घडायचं. माळा म्हणजे आठवणी, तळघर म्हणजे दडपलेलं, असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण आपल्यात तळघर असतं किती जणांकडे? आपलं दडवलेलं असतं ते माळ्यावरच्या ट्रंकेत नाहीतर कपाटाच्या लॉकरमध्ये. देवघर एखाद्याला शांत वाटेल, आणि जिला पाळीच्या दिवसात तिथे जाऊच दिलं नाही तिला ते वेगळंच वाटणार ना.

घरात नवीन खोली सापडणं हे स्वप्न खूप जणांना पडतं. त्यात आनंद झाला असेल तर स्वतःला विचारा की सध्या काय बाजूला पडलंय, गाणं, शिक्षण, काहीही. पण मुंबईत वन रूम किचनमध्ये पाच जण रहात असाल तर कदाचित तुम्हाला फक्त एक जास्तीची खोली हवी असेल, उगाच खोल जाऊ नका! तसंच बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेलीय आणि स्वप्नात भिंती पडतायत, तर त्यात कसलं प्रतीक.

एका स्वप्नावरून काही ठरवू नका, महिनाभर वहीत नकाशे साठवा आणि कुठली खोली परत परत येते ते बघा. आणि आग, पूर, घरातली मारहाण असं खरंच घडून गेलेलं रोज रात्री तसंच्या तसं दिसत असेल तर वही बाजूला ठेवा आणि सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, त्यावर उपचार आहेत.