चढावर अडखळणारी पिकअप: डिझेलचे काम शिकू इच्छिणाऱ्यांसाठी

आयटीआयमधला मेकॅनिक डिझेलचा एक वर्षाचा अभ्यासक्रम संपवून मी बीडजवळच्या एका गॅरेजमध्ये कामाला लागलो, तेव्हा इंजिन उघडणे आणि पुन्हा बसवणे मला बऱ्यापैकी जमत होते. पण इंजिनाला हात न लावता चालू गाडीतला दोष कसा शोधायचा, हे येत नव्हते. आमच्याकडे येणाऱ्या गाड्यांत मोठा भरणा असतो तो दहा-बारा वर्षे राबलेल्या कॉमन रेल (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या सगळ्या इंजेक्टरना ‘रेल’ नावाच्या एकाच जाड नळीतून जास्त दाबाचे डिझेल देणाऱ्या) डिझेल पिकअपचा, आणि त्यांच्या मालकांची नेहमीची तक्रार असते ती ‘गाडी मिसिंग करते, रेस दिली की दबते’ अशी, म्हणजे इंजिन मध्येच झटके देते आणि जोर धरत नाही. या कामात नव्याने येणाऱ्याने ही एक तक्रार मुळापासून समजून घ्यावी, असे मला मनापासून वाटते, कारण डिझेल, हवा आणि वायरिंग या तिन्ही गोष्टी तिच्यात एकत्र येतात.

मला हे ज्या गाडीने शिकवले, ती बीडहून खताची पोती भरून नेकनूरकडे जायची आणि मांजरसुंबा घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये झटके देऊ लागायची. रिकामी असताना आणि सपाट रस्त्यावर तिची काहीही तक्रार नसे. ड्रायव्हरने गाडी लावताना सांगितले होते, “टाकी फुल केली की दोन-तीन दिवस गप चालती, मग पुन्हा सुरू होतंय.” मी ते ऐकले, पण मनावर घेतले नाही. गाडीच्या संगणकातले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला, तर रेलमधला दाब कमी असल्याचा पी ००८७ हा कोड आला, आणि त्यावरून रेलमध्ये दाबाने डिझेल भरणारा हायप्रेशर पंप गेला आहे असे मी मालकांना सांगून मोकळा झालो. पेरणीच्या तोंडावर पंपाचा खर्च ऐकून ते उसनवारीच्या गोष्टी बोलू लागले, हे मला आजही आठवते.

उस्तादांनी मला थांबवले. “पंपापर्यंत डिझेल नीट पोचतंय का, ते आधी बघ,” एवढेच ते म्हणाले. कोड सांगतो की दाब कमी आहे. तो का कमी आहे, हे कोड सांगत नाही. टाकीतून येणारी नळी, फिल्टर, पंप, रेलवरचा प्रेशर सेन्सर, जास्त डिझेल परत सोडणारे इंजेक्टर, यांतल्या कशामुळेही तोच कोड येऊ शकतो.

आम्ही फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि गाडी चालू केली. आयडलला त्या नळीतून अधूनमधून ज्वारीच्या दाण्याएवढा एखादा बुडबुडा सरकत होता. रेस वाढवली तसे बुडबुडे दाट होत गेले आणि शेवटी नळीतले डिझेल ताकासारखे पांढरट फेसाळ दिसू लागले. हवा दाबली जाते, त्यामुळे हवामिश्रित डिझेलवर पंपाला दाब धरता येत नाही. चढावर इंजिनाला जास्त डिझेल लागते आणि नेमके तेव्हाच रेलचा दाब कोसळतो. पारदर्शक नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला जोडली तेव्हाही बुडबुडे आलेच, म्हणजे हवा त्याच्याही मागून शिरत होती. चेसीवरून जाणाऱ्या रबरी नळीची क्लिप काढली, तेव्हा क्लिपखालीच केसाएवढी चीर सापडली.

बाहेर डिझेलचा एक थेंबही नव्हता, आणि नवशिका फसतो तो इथेच. या गाडीच्या टाकीत पंप नसतो. इंजिनाजवळचा पंप डिझेल ओढून घेतो. म्हणजे त्या नळीत आतून बाहेर ढकलणारा दाब नसून ओढ असते, त्यामुळे चिरेतून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. टाकी भरलेली असली की ही ओढ कमी लागते, पातळी खाली गेली की वाढते. ड्रायव्हरने पहिल्याच वाक्यात निदान सांगितले होते.

म्हणून बॉनेट उघडण्याआधी चालकाला विचारावे: कोणत्या गिअरला, टाकीत किती डिझेल असताना, गाडी गार असताना की तापल्यावर? नंतर फिल्टरच्या तळाचे पाणी काचेच्या बाटलीत काढून पाहावे. आपल्याकडे ट्रॅक्टरसाठी ड्रममध्ये साठवलेले डिझेल अडीअडचणीला पिकअपमध्येही ओतले जाते, आणि त्यातून पाणी येते. काळा धूर आणि फुसफुस असा आवाज असेल, तर टर्बोची (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या भागाची) नळी आणि ईजीआर, म्हणजे थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, पाहावे. गाडी गोठ्याशेजारी उभी राहत असेल, तर उंदरांनी वायरिंग कुरतडले आहे का, ते टॉर्च लावून शोधावे. रेसच्या पेडलच्या सेन्सरमध्ये दोन सिग्नल असतात. पेडल अगदी हळू दाबत मल्टिमीटरवर दोन्हींचे व्होल्टेज सलग चढते का, हे पाहावे, मध्येच उडी आली तर दोष तिथे असतो. हे सगळे ठीक निघाल्यावरच इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या चार बाटल्यांत सोडून कोणता इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडतो, ते तपासावे.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. इंजिन चालू असताना हायप्रेशर पाइपचा नट कधीही सैल करू नये. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाड्यांत तशी सवय होती. इथे रेलमध्ये १,००० बारपेक्षाही जास्त दाब असू शकतो आणि ती धार कातडीतून आत शिरते. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी.

नळी बदलून हातपंपाने डिझेलच्या लाइनमधली एअर काढली, तरी उस्तादांनी गाडी लगेच मालकांना दिली नाही. टाकी अर्ध्याच्या खाली असू दिली, पोती तशीच ठेवली आणि मला स्कॅनर मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसवले. तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढताना संगणकाने मागितलेला दाब आणि रेलमधला प्रत्यक्ष दाब, हे दोन आकडे मांजरसुंब्याच्या फाट्यापर्यंत जवळजवळ बरोबरीने चढत राहिले.