ईस्टरीकरण आणि साबणीकरण यांतील फरक प्रयोगातून कसा ओळखावा

बडोद्यातल्या आपल्या बहुतेक मुलांना रसायनशास्त्र गुजरातीत किंवा इंग्रजीत शिकावे लागते, आणि दहावीत ईस्टरीकरण (आम्ल आणि अल्कोहोल यांपासून ईस्टर बनणे) व साबणीकरण (तेलातील ईस्टर कॉस्टिक सोड्याने फोडून साबण बनणे) या दोन्ही अभिक्रिया लागोपाठ येत असल्यामुळे ‘एक दुसरीच्या उलट’ एवढेच त्यांच्या लक्षात राहते. ते अर्धेच खरे आहे. फरक पक्का समजायचा असेल तर प्रत्येक प्रयोगात कोणता पदार्थ खर्च होतो, हे पाहावे. दोन्ही प्रयोग शाळेच्या प्रयोगशाळेत, शिक्षकांसमोर आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावूनच करावेत.

परीक्षानळीत १ मिली इथेनॉल व १ मिली ग्लेशियल ॲसिटिक आम्ल घेऊन त्यात संहत सल्फ्युरिक आम्लाचे काही थेंब टाकावेत. इथेनॉल पेट घेते, म्हणून नळी ज्योतीवर न धरता पाच मिनिटे गरम पाण्यात ठेवावी आणि मग तिच्यातील द्रव चंचुपात्रातल्या २० ते ५० मिली पाण्यात ओतावा. फळासारखा गोड वास येतो, तो इथाइल ॲसिटेट या ईस्टरचा. सल्फ्युरिक आम्ल येथे उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारे पण स्वतः खर्च न होणारे, असल्यामुळे ते थेंबांनीच पुरते. मात्र ईस्टरबरोबर तयार झालेले पाणी त्याच ईस्टरला पुन्हा फोडत राहते, म्हणून अभिक्रिया पूर्णत्वाला जात नाही. ईस्टरीकरणाची खरी उलट अभिक्रिया हीच, आम्लाच्या सान्निध्यात पाण्याने होणारे विघटन.

साबणीकरणासाठी २० मिली एरंडेल घ्यावे. आपल्या बाजारात ते ‘दिवेल’ म्हणून मागितले की लगेच मिळते. त्यात कॉस्टिक सोड्याचे (सोडियम हायड्रॉक्साइडचे) २० टक्के द्रावण ३० मिली घालून, मिश्रण दाट होईपर्यंत ढवळत तापवावे, नंतर ५ ते १० ग्रॅम मीठ घालून थंड होऊ द्यावे. मिठाच्या पाण्यात साबण विरघळत नाही, म्हणून तो वेगळा होतो. येथे सोडा उत्प्रेरक नव्हे, तो खर्च होतो: तेलाच्या एका रेणूतील तीन ईस्टर बंध तोडायला सोड्याचे तीन रेणू लागतात, आणि साबणाचे तीन व ग्लिसरॉलचा एक रेणू मिळतो. मेदाम्लाचा (तेलातील आम्लाचा) सोडियम क्षार, म्हणजेच साबण, झाला की तो अल्कोहोलशी पुन्हा जुळत नाही, म्हणून ही अभिक्रिया मागे फिरत नाही.

वरील प्रमाणात सोडा गरजेपेक्षा बराच जास्त असतो. या साबणाला ओला लाल लिटमस लावून तो निळा होताना मुलांना जरूर दाखवावा. या साबणाने हात मात्र धुऊ देऊ नयेत.