साहेबांनी स्टेजवरून हिटलरचं कौतुक केलंय? मग आता हे करा

आमचे साहेब (नाव नाही सांगत, मला याच वॉर्डात राहायचंय) एका बक्षीस समारंभात माईकवर बोलून गेले की आपल्याकडे शिस्त लावायला एक हिटलरच पाहिजे. टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेतले एक रिटायर मास्तर, बेने इस्राएल (म्हणजे आपल्याकडचे मराठी बोलणारे ज्यू) समाजाचे, गुपचूप उठले आणि निघून गेले. ते संबंध सांधायला मला आठ महिने लागले, म्हणून हे लिहितोय, तुमच्याही नेत्याची जीभ कधीतरी घसरणारच.

सगळ्यात आधी ते "कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर" वालं पत्र फाडा. असतील तर काय, दुखावल्यात. 60 लाख ज्यू मारले त्या माणसाने. 2006 ला खारघरला एकाने हॉटेलला हिटलरचं नाव दिलं होतं, ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर मालकाने नाव बदललं. हॉटेलवाल्याला जमलं ते आपल्याला जमायला काय हरकत आहे.

आता दुसरी चूक, जी आम्ही लगेच केली. साहेबांच्या फोटोशेजारी इस्रायलचा झेंडा टाकून "आपल्या ज्यू मित्रांना शुभेच्छा" अशी पोस्ट फिरवली. अरे मित्र काय मित्र, घरातल्या माणसाला पाहुणा म्हणतोस? त्यांच्याकडे सांगतात की अलिबागजवळ नवगावला पूर्वजांचं जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, मग कोकणात तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. आडनावं बघा, पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर. मांडवीतलं त्यांचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर, 1796 चं आहे. महालक्ष्मीला ज्या ई. मोझेस रोडवर आपण ट्रॅफिकमध्ये शिव्या घालतो ते डॉक्टर मोझेस 1937 मध्ये मुंबईचे महापौर होते. तेव्हा इस्रायल हा देशच नव्हता! त्यामुळे तिकडच्या राजकारणावर तुमचं मत काहीही असो, ते यांच्या दारात न्यायचं नाही, बाजूने पण नाही आणि विरोधात पण नाही.

फोन कधी करायचा? शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत शब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा दिवस, तेव्हा नाही. मी शनिवारी सकाळी तीनदा केला, वर मनात म्हणतोय माणूस किती अकडू आहे, फोन पण उचलत नाही. आणि सणाला मिठाई पाठवायची तर आधी सण कुठला ते विचारा. नव्याच्या सणाला, म्हणजे त्यांच्या नवीन वर्षाला, चालेल, पण त्या दिवसापासून मोजून दहाव्या दिवशी दारफाळणीचा सण, योम किप्पूर, त्या दिवशी कडक उपास असतो, पाणी पण नाही. आम्ही पेढ्याचा बॉक्स नेमका त्याच दिवशी पोचवला. असो.

सिनेगॉगमध्ये न विचारता जायचं नाही. 26 नोव्हेंबर 2008 ला नरिमन हाऊसवर, म्हणजे कुलाब्यातल्या ज्यू केंद्रावर, काय झालं ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळे गेटवर आयडी मागतात, फोटोला नाही म्हणतात, याचा इगो करू नका. पंधरा पोरं आणि कॅमेरावाला घेऊन तर अजिबातच नको. आत डोकं झाकायचं, टोपी खिशात ठेवा.

शेवटी भायखळ्याला मास्तरांच्या घरी फक्त साहेब आणि मी गेलो. चौकटीवर तिरकी बसवलेली एक छोटी नळी होती, मी बेल समजून दाबली. बाई आतून बघत होत्या, हसल्या, म्हणाल्या "ती मेझुझा आहे बाळा, बेल खाली आहे." (मेझुझा म्हणजे धर्मग्रंथातल्या ओळी आत ठेवलेली नळी, ज्यू घरांच्या चौकटीला असते.) तेवढ्याने जरा हलकं झालं. चहा आला. मास्तर साहेबांना म्हणाले, "हिटलरची शिस्त म्हणजे नक्की कुठली, ते जरा सांगा मला." साहेब बराच वेळ कपाकडे बघत बसले, मग म्हणाले, "सर, मी काही वाचलेलंच नव्हतं. लोक म्हणतात म्हणून म्हणालो." इथे मध्ये बोलायची खूप इच्छा होते, बोलू नका.

मास्तरांनी एकच मागितलं, जिथे बोललात तिथेच परत बोला. पुढच्या वर्षी त्याच शाळेत, त्याच माईकवर साहेब बोलले की गेल्या वेळी मी चुकीचं बोललो होतो. या वेळी टाळ्या नाही पडल्या.

परवा मास्तरांच्या नातवाला नोकरी लागली म्हणून घरी मलिदा होता, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने करतात तो, पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं. मला बोलावणं होतं. साहेबांना अजून नाही.