सरत्या वर्षातील चढउतारांचा आढावा कसा घ्यावा

वर्ष संपत आले की ते चांगले गेले की वाईट, याचा निकाल आपण मिनिटभरात देऊन मोकळे होतो, आणि तो निकाल बहुधा शेवटच्या दोन महिन्यांवर बेतलेला असतो. एका वर्षाला मी स्वतः कितीतरी काळ ‘वाया गेलेले वर्ष’ म्हणत होतो, कारण त्याच्या अखेरीस हातातले काम सुटले होते आणि त्या घटनेची छाया मागच्या सगळ्या दिवसांवर पडली होती. पुढे जुने कागद चाळताना दिसले की त्याच वर्षी मी एका लांबलेल्या आजारातून पूर्ण बरा झालो होतो आणि दुरावलेल्या एका मित्राशी पुन्हा बोलणे सुरू झाले होते. या दोन्ही गोष्टी मला आठवत होत्या, पण त्या त्याच वर्षातल्या आहेत हे मात्र ध्यानात उरले नव्हते. म्हणून आधी वर्ष गोळा करावे आणि मत नंतर बनवावे, असा माझा आग्रह आहे.

या कामासाठी दीड-दोन तासांच्या तीन बैठकी ठेवाव्यात आणि दोन बैठकींमध्ये किमान एक रात्र जाऊ द्यावी. वर्षाचा अगदी शेवटचा दिवस टाळलेला बरा, कारण त्या दिवशी मन आधीच हळवे किंवा उतावीळ झालेले असते. वही कोणतीही चालेल, मात्र ती दुसऱ्या कोणी वाचणार नाही याची खात्री असावी. वाचक डोळ्यांसमोर असला की माणूस नकळत स्वतःची बाजू मांडू लागतो.

पहिली बैठक: आठवण आणि पुरावा

पहिली दहा मिनिटे काहीही न पाहता, वर्षातले जे जे आठवेल ते लिहून काढावे आणि ते पान बाजूला ठेवावे. त्यानंतर बारा कोरी पाने घेऊन प्रत्येकावर एकेका महिन्याचे नाव घालावे आणि दिनदर्शिकेतील नोंदी, फोनमधली छायाचित्रे, बँकेचे खातेउतारे, प्रवासाची तिकिटे, डॉक्टरांची कागदपत्रे आणि जवळच्या माणसांशी झालेला पत्रव्यवहार यांतून सापडेल ते त्या त्या पानावर उतरवावे. खातेउतारा या बाबतीत फार प्रामाणिक असतो. कोणत्या महिन्यात औषधांवर खर्च झाला आणि कधीपासून एखाद्या वर्गाची फी भरणे थांबले, हे तो कोणतीही सारवासारव न करता सांगतो.

आता बाजूला ठेवलेले पान या बारा पानांशी ताडून पाहावे. दोहोंमधली तफावत पुष्कळदा थक्क करते आणि तिला कारण आहे. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनिअल कानेमान, बार्बरा फ्रेडरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात सहभागी व्यक्तींना एकदा ६० सेकंद १४ अंश सेल्सिअसच्या थंड पाण्यात हात ठेवावा लागला. दुसऱ्यांदा तेच ६० सेकंद आणि त्यापुढे आणखी ३० सेकंद, ज्यांत पाण्याचे तापमान हळूहळू १५ अंशांपर्यंत वाढवले जात होते. यांपैकी कोणता अनुभव पुन्हा घ्याल, असे विचारल्यावर बहुसंख्यांनी अधिक वेळ त्रास देणारा दुसरा अनुभव निवडला, कारण त्याचा शेवट किंचित सुसह्य होता. तीव्रतम क्षण आणि शेवट यांवरूनच मुख्यतः आठवण संपूर्ण अनुभवाची किंमत ठरवते. वर्षाचेही तसेच होते, आणि त्यावर तारखेनिशी लिहिलेल्या नोंदींहून चांगला उपाय मला तरी माहीत नाही.

दुसरी बैठक: आलेख आणि प्रश्न

एका मोठ्या कागदावर आडवी रेघ ओढून तिच्यावर बारा महिने मांडावेत. महत्त्वाच्या प्रत्येक घटनेला उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत गुण देऊन ती रेघेच्या वर किंवा खाली टिंबाने दाखवावी. गुण देताना ती घटना आज कशी वाटते हे न पाहता त्या दिवशी कशी वाटली होती हे आठवावे. शक्य असल्यास आजच्या भावनेसाठी वेगळ्या रंगाचे दुसरे टिंब द्यावे. एकाच महिन्यात मोठा आनंद आणि मोठे दुःख आले असेल, तर दोन्ही टिंबे ठेवावीत आणि त्यांची सरासरी काढू नये. घरात मूल जन्मले आणि त्याच महिन्यात आजोबा गेले, तर तो महिना शून्याचा ठरत नाही.

मग प्रत्येक उंच आणि खोल टिंबाला तीन प्रश्न विचारावेत: नेमके काय घडले, त्यात मी काय केले आणि माझ्या हाताबाहेर काय होते? अपयशाच्या बाबतीत चौथा प्रश्न अत्यावश्यक आहे: त्या तारखेला मला काय माहीत होते? परिणाम कळल्यानंतर तो आधीपासूनच दिसत होता असे माणसाला वाटू लागते, हे मानसशास्त्रज्ञ बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रयोगांतून दाखवले. आज जे ज्ञान आहे ते तेव्हाच्या स्वतःवर लादून त्याला दोषी ठरवणे हा अन्याय आहे, आणि वार्षिक आढाव्यात तो सर्रास होतो.

एखादे टिंब फार खोल असेल, तर त्यावर चार दिवस, रोज १५ मिनिटे, घटना आणि भावना या दोहोंविषयी सलग लिहावे. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे लेखन करणाऱ्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती लिहून झाल्यावर लगेच अधिक खिन्न झाली, परंतु पुढील काही महिन्यांत त्यांना आरोग्य केंद्रात कमी वेळा जावे लागले. म्हणून लिहिल्यावर लगेच झोपायला किंवा कामाला जाऊ नये. दुःख काही आठवड्यांपूर्वीचेच असेल, तर त्याचे पान यंदा कोरे ठेवावे. एकच विचार घोळत राहून झोप किंवा भूक उडाली, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर वही मिटून विनाविलंब डॉक्टरांची किंवा समुपदेशकाची मदत घ्यावी.

तिसरी बैठक: सपाट महिने आणि माणसे

ज्या महिन्यांवर एकही टिंब नाही त्यांच्याकडे मुद्दाम वळावे. नियमित चाललेले काम, घरातले कोणी आजारी न पडणे, दररोजचे फिरणे यांची आठवण राहत नाही, तरी वर्षाचा मोठा भाग त्यांनीच उचललेला असतो. प्रत्येक खोल टिंबापाशी तेव्हा सोबत असलेल्या माणसाचे नाव लिहावे. ही नावे पाहून मला दर वेळी अपेक्षेहून वेगळी माणसे सापडली आहेत. त्यांपैकी ज्यांना आपण आभाराचा शब्दही बोललो नाही, त्यांना याच आठवड्यात फोन करावा.

पुढच्या वर्षासाठी संकल्पांची लांब यादी करू नये. चालू ठेवण्याची एक गोष्ट आणि थांबवण्याची एक गोष्ट, एवढे पुरे. वहीत आताच पुढच्या वर्षाची बारा पाने आखून घ्यावीत आणि दर महिन्याच्या अखेरच्या दिवशी त्या त्या पानावर तीन ओळी लिहाव्यात: काय घडले, कसे वाटले, सोबत कोण होते.