रेल्वेच्या डब्यातलं पाणी संपलं तर

नांदेड-परभणीहून उत्तरेकडं निघालं की दीड-दोन दिवसांचा प्रवास, आणि दुसऱ्या सकाळी संडासातला नळ कोरडा. टीसीला शोधत डबे पालथे घालू नका.

१. पुढचं मोठं जंक्शन तासाभरावर असतानाच १३९ ला, म्हणजे रेल्वेच्या हेल्पलाइनला, फोन करा. गाडी फलाटावर लागल्यावर केलेल्या तक्रारीचा फारसा उपयोग होत नाही.
२. दहा अंकी पीएनआर, डबा, बर्थ सांगा. 'पाणी नाही' एवढंच पुरे, रामायण नको.
३. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. शेजारच्यांनाही फोन करायला लावा.

रेंज नसेल तर? म्हणूनच दोन लिटरची जुनी बाटली घरूनच भरून घ्यावी, प्यायची वेगळी.

फक्त १३९ च लावा. नेटवर सापडलेल्या भलत्या 'हेल्पलाइन'ला ओटीपी देऊ नका.