तळघरात पेलेट स्टोव्ह बसवताय? या चुका टाळा

तळघरात पेलेट स्टोव्ह, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या छोट्या कांड्यांवर (पेलेटवर) चालणारा स्टोव्ह, लावून आठवडा झाला की बहुतेकांची तक्रार एकच असते. पंखा घरघरतोय, पिशवीमागून पिशवी रिकामी होतेय, पण खुर्चीत बसलं की पाय गारच. मग स्टोव्ह लहान पडला असं वाटतं आणि मोठ्या मॉडेलची चौकशी सुरू होते. त्याआधी उघड्या काँक्रीटच्या भिंतीला तळहात लावून बघा. मिनिटभरात हात गारठतो. ऊब तिथेच जातेय.

हिशेब करू. 8 इंची काँक्रीटची भिंत, इन्सुलेशन नाही, आणि तिचा जमिनीच्या वर आलेला भाग 20 चौरस मीटर धरा. आत 20 अंश, बाहेर 0 अंश असेल तर एवढ्याशा भागातून साधारण 1,400 वॉट उष्णता सतत बाहेर जाते, म्हणजे दिवसाला 33 युनिटच्या आसपास. एक किलो पेलेटमधून सुमारे 4.8 युनिट उष्णता निघते. त्यातली 80 टक्के खोलीला मिळाली असं धरलं, तर रोज पावणेनऊ किलो पेलेट नुसते त्या पट्ट्यापायी जळतात. 15 किलोची पिशवी असेल तर निम्म्याहून जास्त. जमिनीखालची भिंत आणि फरशी यांचा वाटा वेगळाच.

म्हणून आधी स्टोव्ह आणि भिंतींचं नंतर बघू, हा क्रमच उलटा आहे. सगळ्या भिंती एकदम जमत नसतील तर निदान वरचा पट्टा तरी घ्या, जिथे भिंतीच्या माथ्यावर मजल्याच्या लाकडी तुळया टेकतात. वाऱ्याच्या दिवशी तिथे उदबत्ती फिरवा; धूर जिथे आडवा होतो तिथे फट आहे. ती बुजवा, मग इन्सुलेशन लावा. फोमच्या शीट मात्र उघड्या ठेवू नका, त्या पेट घेतात आणि विषारी धूर सोडतात. वरून जिप्सम बोर्ड हवाच. आणि भिंतीला ओल असेल तर आधी पाण्याचा बंदोबस्त. ओल्या भिंतीवर इन्सुलेशन चढवलं की मागे बुरशी धरते.

हवा कुठून येणार?

ही चूक जिवावर बेतू शकते. थंडीत घरातली गरम हवा वर चढते आणि वरच्या फटींतून निघून जाते. तिची जागा भरायला खालून हवा खेचली जाते, त्यामुळे तळघरातला दाब आधीच कमी असतो. त्यात स्टोव्हने जळणासाठी खोलीतलीच हवा ओढली की तो आणखी घटतो. शेजारी चिमणीवर चालणारा गॅसचा गीझर किंवा बॉयलर असेल, तर त्याचा धूर उलटा फिरून खोलीत येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला ना वास ना रंग. स्टोव्हला बाहेरून हवा आणणारा स्वतंत्र पाइप जोडाच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तळघरात एक आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर एक. इथे हात आखडता घेऊ नका.

धुराचा पाइप

तळघरात पाइप आधी वर चढवून मग बाहेर काढावा लागतो, आणि इथेच गणित चुकतं. बऱ्याच मॅन्युअलमध्ये धुराच्या वाटेतला अडथळा फुटांत मोजतात: 90 अंशांचा एल्बो (वळणाचा तुकडा) किंवा टी (तीन तोंडांचा जोड) म्हणजे 5 फूट, आडवा पाइप फुटाला फूट आणि उभा पाइप फुटाला अर्धा फूट. आता बघा: स्टोव्हमागे टी, त्यावर 6 फूट उभा पाइप, एक एल्बो आणि भिंतीतून 2 फूट आडवा. 5 अधिक 3 अधिक 5 अधिक 2, झाले 15. साधारणपणे 15 च्या पुढे 3 इंची पाइप चालत नाही, 4 इंची घ्यावा लागतो. तुळई चुकवायला अजून एक एल्बो टाकलात की गेलात पुढे. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्येच बघा.

बाहेरचं टोक जमिनीपासून, आणि बर्फ साचत असेल तर त्या थरापासून, निदान 1 फूट वर हवं. तळघराच्या खिडकीजवळ तर ते अजिबात नको. जुन्या रुंद चिमणीत नुसतं टोक खुपसून मोकळं होऊ नका. धूर तिथे थंड होतो, वर चढत नाही. आत लायनर, म्हणजे धुरासाठी वेगळा अरुंद पाइप, घाला.

वीज गेली की धूर ढकलणारा पंखा थांबतो, पण स्टोव्हच्या जळणाच्या भांड्यातले पेलेट धुमसतच असतात. तेव्हा पाइपाची उभी उंचीच धूर बाहेर ओढते. जोडीला इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच घ्या.

पेलेटच्या पिशव्या थेट फरशीवर ठेवू नका. माझ्या चार पिशव्या अशाच वाया गेल्या: वरून कोऱ्या दिसत होत्या, खालचे पेलेट फुगून भुसा झाले होते. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा.

वरचा मजला तापत नसेल तर गरम हवा वर फुंकण्याच्या फंदात पडू नका. जिन्याच्या वरच्या पायरीवर छोटा पंखा खाली तोंड करून ठेवा. थंड हवा जड असते, ती सहज खाली ढकलली जाते आणि तिच्या जागी गरम हवा आपोआप वर येते.

काच लगेच काळी पडते, ज्योत आळसावलेली आणि नारिंगी दिसते? जळणाला हवा कमी पडतेय. भांड्याची भोकं साफ करा, पाइपातली राख काढा, पेलेट ओलसर नाहीत ना बघा. मग दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर दाराच्या कडेची हवाबंद पट्टी (गॅस्केट) बदला.

शेवटी सांधे. पाइपातला धूर पंख्याने ढकललेला असतो, त्यामुळे बारीक फटीतूनही तो खोलीत येतो. रात्री दिवे घालवून स्टोव्ह सुरू करा आणि पहिली पाच-दहा मिनिटं, धूर दाट असताना, प्रत्येक सांध्यावर टॉर्चचा तिरपा झोत टाका. बारीकशी धूररेषाही त्यात उठून दिसते. दिसली तर स्टोव्ह बंद करून पूर्ण गार होऊ द्या, सांधा उघडा, उष्णता सोसणारं सिलिकॉन भरा आणि ते नीट वाळल्याशिवाय पुन्हा पेटवू नका.