ड्रिल नंतर, आधी बॅटरी ठरवा

परदेशात घर मांडायला घेतलं की फर्निचर खोक्यातून येतं, सुट्ट्या फळ्या आणि स्क्रूंच्या पुड्यांच्या रूपात. जोडून द्यायला माणूस बोलवावा, तर त्याची मजुरी फर्निचरच्या किमतीला जाऊन भिडते. मग आजवर हातात साधा स्क्रू ड्रायव्हरही न धरलेला माणूस एखाद्या शनिवारी हत्यारांच्या दुकानात जाऊन उभा राहतो. नवीन आलेल्यांचे मला फोन येतात ते नेमके तिथूनच: "एकच ड्रिल तीन किमतींना लावलंय, कुठलं घेऊ?" फोनवर उभ्या उभ्या सांगण्यासारखं हे प्रकरण नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

तीन किमतींचं कोडं तसं सोपं आहे. सगळ्यात स्वस्त खोक्यात नुसतं मशीन असतं. बॅटरी नाही, चार्जर नाही. कुठेतरी बारीक अक्षरात 'टूल ओन्ली', 'बेअर टूल' किंवा 'बॉडी ओन्ली' छापलेलं असतं. मकिता कंपनीच्या मॉडेल नंबरच्या शेवटी झेड दिसला की ते नुसतं मशीन समजायचं. डीवॉल्ट त्यासाठी युरोपात एन आणि अमेरिकेत बी लावते. स्वस्त दिसलं म्हणून खोकं उचलायचं आणि घरी उघडल्यावर बॅटरी शोधत बसायचं, असं पुष्कळांचं होतं. दुसऱ्या खोक्यात मशीन, बॅटरी आणि चार्जर. तिसरं म्हणजे कॉम्बो किट: दोन किंवा जास्त मशिनं, एक-दोन बॅटऱ्या, एक चार्जर आणि सगळं कोंबायला एक पिशवी. त्यातल्याच बॅटऱ्या सुट्ट्या घ्यायला गेलात, की डोळे पांढरे होतात. चांगल्या मोठ्या बॅटरीची किंमत कित्येकदा नुसत्या मशीनच्याही वर जाते.

म्हणून दुकानात पाऊल टाकण्याआधी ठरवायची ती बॅटरी. एका कंपनीची बॅटरी दुसरीच्या मशीनला बसत नाही. खाच वेगळी, पट्ट्यांची जागा वेगळी, आतलं सर्किट वेगळं. एकाच कंपनीतही भाऊबंदकी असतेच. बॉशची निळी म्हणजे व्यावसायिक आणि हिरवी म्हणजे घरगुती, दोन्ही १८ व्होल्टच्या, पण एकीची बॅटरी दुसरीला लागत नाही. मकिताची एलएक्सटी मालिका १८ व्होल्टची, 'जी' नावाची मालिकाही १८ चीच आणि एक्सजीटी ४० ची. तिघींचा संसार वेगळा. मिलवॉकी आणि रायोबीची मशिनं काढणारी टीटीआय ही कंपनी एकच, तरी बॅटरीची उसनवारी चालत नाही. स्टॅन्ली ब्लॅक अँड डेकरच्या छत्राखालच्या डीवॉल्ट आणि क्राफ्ट्समनचंही तेच. उलटही उदाहरणं आहेत. मेटाबोच्या पुढाकाराने निघालेल्या सीएएस या जुळणीत, किंवा बॉशच्या निळ्या बॅटरीभोवतीच्या ॲम्पशेअर आणि हिरव्या बॅटरीभोवतीच्या पॉवर फॉर ऑल या जुळण्यांमध्ये, वेगवेगळ्या कंपन्यांची मशिनं एकाच बॅटरीवर चालतात. रायोबीने तर वन प्लसची बॅटरी बसवायची खाच १९९६ पासून बदललेली नाही.

कुठली निवडायची? घरकामापुरतं बघाल तर या नामांकित कंपन्यांत डावं-उजवं करत बसण्यात अर्थ नाही. तुमच्या घराजवळच्या दुकानात जिचा माल भरपूर असतो आणि जिच्या यादीत तुम्हाला पुढेमागे लागतील अशी मशिनं आहेत, ती घ्या. शेजारी किंवा ऑफिसातला मित्र एखादी बॅटरी वापरत असेल, तर तीच घेण्यात शहाणपण आहे. अडल्या वेळी त्याची करवत मागून आणता येते आणि बॅटरी आपली लावता येते. एकदा दोन-तीन बॅटऱ्या घरात आल्या की कंपनी बदलणं जिवावर येतं, म्हणून हा विचार आधी.

१८ की २० व्होल्ट, यात मात्र डोकं शिणवू नका. लिथियम-आयन सेलचा सरासरी व्होल्टेज ३.६ धरतात, असे पाच सेल एकापुढे एक जोडले की १८. तेच सेल चार्जरवरून ताजे काढून, मशीन न चालवता मोजले, तर आकडा २० च्या वर दिसतो. डीवॉल्ट अमेरिकेत त्यावर '२० मॅक्स' छापते आणि युरोपात १८. ताकदीत फरक नाही. '१२ मॅक्स' म्हणजे तीन सेल, हिशेबाने १०.८.

खरा फरक ॲम्पियर-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत किती वीज साठते त्या मापात आहे आणि किट विकणारे तो आकडा कोपऱ्यात छापतात. 'दोन बॅटऱ्यांसह' हे हातभर अक्षरात. त्या दीडच्या आहेत की पाचच्या, ते बघायला चष्मा लागतो. दुकानात बॅटरी हातात घेऊन बघा. चपटी, हलकी, २ ॲम्पियर-अवरची असेल तर आत साधारण पाच सेलची एकच रांग असते. ४ किंवा ५ ची जाडजूड बॅटरी म्हणजे बहुतेक वेळा दोन रांगा, दहा सेल. सेलच्या नावातच त्याचं माप असतं: १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचं आणि ६५ मिलिमीटर लांबीचं नळकांडं, तर २१७०० म्हणजे २१ आणि ७०. दुसरी रांग आल्याने बॅटरी जास्त वेळ पुरते हे उघडच आहे. पण प्रत्येक सेलवरचा भारही निम्मा होतो, त्यामुळे जड कामात व्होल्टेज कोसळत नाही. चपट्या बॅटरीवर गोल करवत लावली तर ती फळीत शिरते, आवाज खाली उतरतो आणि मध्येच बंद पडते. लोकांना वाटतं मशीन बिघडलं. मशीन ठणठणीत असतं. बॅटरीतल्या संरक्षक सर्किटने हात वर केलेले असतात. शिडीवर चढून डोक्यावर हात धरून पडद्याचे ब्रॅकेट लावायचे असतील, तर मात्र तीच चपटी बॅटरी बरी. मनगट वाचतं.

आता किटचा हिशेब. किटच्या किमतीतून, त्यातल्याच क्षमतेच्या तितक्या बॅटऱ्या आणि चार्जर सुट्टे घेतले तर जी किंमत होईल ती वजा करा. उरलेल्या रकमेला मशिनांच्या संख्येने भागा, पण मनाशी प्रामाणिक राहून, म्हणजे जी खरोखर वापराल तेवढ्याच मशिनांनी. ड्रिल आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर (टोले देत स्क्रू घालणारं मशीन) अशा दोन मशिनांच्या किटला हा हिशेब लावला, की बहुतेक वेळा मशिनं जवळपास फुकटात पडलेली दिसतात. पाच, सहा, सात मशिनांच्या किटला लावला, की चित्र पालटतं. त्यात टॉर्चही एक मशीन म्हणून मोजलेला असतो. कधी रेडिओ, कधी पंखा. लांब पात्याची रेसिप्रोकेटिंग करवत असते. ती पाडकामाची, भाड्याच्या घरात ती चालवाल तर घरमालक दारात उभा राहील. आणि एवढ्या सगळ्यांत बॅटऱ्या मात्र दोनच, त्याही बऱ्याचदा चपट्या. शिवाय स्वस्त किटमध्ये अनेकदा ब्रशवाल्या मोटरची मशिनं घालतात. ब्रशलेस मोटरमध्ये घासणारे कार्बन नसतात, त्यामुळे झीज कमी आणि एका चार्जमध्ये काम जास्त. दोन ड्रिल दिसायला सारखी आणि किमतीत फरक असेल, तर आधी हे तपासायचं.

माझं सांगणं असं, की पहिली खरेदी दोन मशिनांचं किट, आणि त्यानंतर लागेल तसं एकेक मशीन नुसतं, बॅटरीविना. पाचाचं किट, पुढे कधीतरी उपयोगी पडेल म्हणून घेऊ नका. ती पिशवी कपाटात जागा अडवते आणि नवीन आलेला माणूस पहिल्या काही वर्षांत घरं बदलतोच. दर वेळी ती उचलून न्यायची तुम्हालाच.

ज्यांना नुसतं फर्निचर जोडायचं आणि चार तसबिरी लावायच्या आहेत, त्यांनी १८ च्याही वाटेला जाऊ नये. १२ व्होल्टचं छोटं ड्रिल-ड्रायव्हर पुरून उरतं. फक्त क्लचवालं घ्या. चकच्या, म्हणजे बिट पकडणाऱ्या तोंडाच्या, मागे आकडे लिहिलेली जी कडी फिरते, तोच क्लच. खोक्यातून येणाऱ्या फळ्या बहुधा भुशाच्या असतात आणि त्यांत स्क्रू जास्त पिळला की आतले आटे भुगा होऊन गळतात. मग तो स्क्रू जन्मभर नुसता गोल फिरणार. म्हणून कडी १ किंवा २ वर ठेवून सुरुवात करा, कमी पडलं तर एकेक आकडा वाढवा, आणि शेवटचा वेढा हातानेच द्या. इम्पॅक्ट ड्रायव्हर या कामाला लावू नका. तो फिरता फिरता आडवे टोले देत स्क्रू रेटतो. लांब स्क्रू जाड लाकडात घालायला त्याला तोड नाही, भुशाच्या फळीचा मात्र तो कर्दनकाळ आहे.

भिंतीचंही तसंच. विटा-सिमेंटच्या घरांत वाढलेल्या माणसाला ड्रिल म्हटलं की हॅमरवालंच हवं असतं. आधी भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक करून बघा. पोकळ आवाज आला तर ती जिप्सम बोर्डाची भिंत आहे. तिथे हॅमर लागत नाही, लागतो तो भोकात बसवायचा, स्क्रू धरून ठेवणारा योग्य प्लग, किंवा आतला लाकडी खांब शोधून त्यातच मारलेला स्क्रू. वीट असेल तर हॅमर ड्रिल चालतं. काँक्रीट असेल आणि भोकं बरीच असतील, तर रोटरी हॅमर, म्हणजे एसडीएस-प्लस जातीची खास बिटं लागणारं, जोरात ठोकत भोक पाडणारं मशीन, एक दिवस भाड्याने आणा. वर्षातून एकदा लागणारं जड मशीन विकत घेऊच नये. घ्यायचंच असेल तर वायरवालं घ्या. त्याला बॅटरीचं म्हातारपण नाही. लिथियम-आयन बॅटरी वापरा न वापरा, कपाटात बसूनही थोडी थोडी क्षीण होतेच.

पुन्हा किट घ्यावं अशी वेळ येते, ती सवलतीच्या दिवसांत. दोन मोठ्या बॅटऱ्यांवर एखादं मशीन मोफत, अशी जाहिरात लागते. बॅटरी हवीच असेल तेव्हा ती संधी सोडू नका. बॅटऱ्या किती असाव्यात? घरकामाला एक चपटी, एक जाड. एक मशीनमध्ये, एक चार्जरवर. किटमधला चार्जर बहुधा मंद असतो. २ ॲम्पियरच्या चार्जरवर ५ ॲम्पियर-अवरची रिकामी बॅटरी भरायला अडीच तासांच्या वर लागतात.

चार्जरचा विषय निघालाच आहे, तर आपल्यासारख्या फिरत्या माणसांच्या कामाची गोष्ट सांगतो. बॅटरीवरच्या मशीनला तुमच्या भिंतीतल्या विजेशी काही देणंघेणं नसतं; देश बदलला की अडतो तो फक्त चार्जर. त्याच्या पाठीवर 'इनपुट' समोर काय लिहिलंय ते वाचा. नुसतं १२० व्होल्ट असेल तर २३० व्होल्टच्या देशात तो जळेल. पिनेचा ॲडॅप्टर लावून व्होल्टेज बदलत नाही. त्या देशात त्याच मालिकेचा चार्जर विकत घ्यायचा, बाकी सगळं तसंच चालतं. डीवॉल्टच्या अमेरिकेतल्या २० मॅक्सच्या बॅटऱ्या युरोपातल्या १८ एक्सआरच्या चार्जरवर भरतात, ते याचमुळे. वॉरंटीचं मात्र आधी विचारा; ती पुष्कळदा त्या त्या देशापुरती असते.

विमानात सुट्टी लिथियम बॅटरी चेक-इन सामानात चालत नाही, ती हातातल्या पिशवीत, टोकांवर टेप लावून न्यायची. ड्रिलचं उलटं: ते केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, म्हणून चेक-इनमध्ये. मर्यादा वॉट-अवरमध्ये, म्हणजे व्होल्ट गुणिले ॲम्पियर-अवर, अशी मोजतात: १८ गुणिले ५ म्हणजे ९०, आणि १०० पर्यंत सहसा हरकत नसते. १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, तीही जास्तीत जास्त दोन बॅटऱ्यांची. १८ व्होल्टची ८ ची बॅटरी १४४ वर जाते, हे ती घेतानाच लक्षात ठेवा.

ऑनलाइन मिळणाऱ्या बिननावाच्या, 'अमुक कंपनीला चालेल' अशा बॅटऱ्या घेऊ नका. पैसे वाचतात ते कुठून वाचतात? सेलच्या दर्जातून आणि संरक्षक सर्किटमधून. जी वस्तू आपण घरात रात्रभर चार्जिंगला लावून झोपतो, तिच्यात ही काटकसर नको. बॅटरी शून्य अंशाखालच्या गारठ्यात चार्ज करू नका, पूर्ण रिकामी करून महिनोन्महिने टाकून ठेवू नका. मग चार्जरच तिला ओळखत नाही. मेलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, दुकानातल्या परतीच्या डब्यात टाकायची.

देश सोडून निघालेले लोक सगळं सामान मातीमोल भावाने काढतात. तिथे वापरलेली मशिनं जरूर घ्या. जाताना आपली बॅटरी सोबत न्या, लावून चालवून बघा, चक डुगडुगतो का ते बघा, चार्जरच्या वायरला टेपा मारल्यात का ते बघा. त्यांची बॅटरी मात्र किती जुनी आणि कशी वापरलेली, ते बाहेरून कळत नाही. तिच्यावरून घासाघीस करत बसू नका. बॅटरी बाजूला ठेवायला सांगा आणि नुसत्या मशीनचा भाव विचारा.